थांबलेला खेळ, चालू राहिलेली चर्चा

हॉकीसारख्या खेळावर प्रेम करणाऱ्या माणसाचा बराचसा काळ सामना पाहण्यात नव्हे, तर दोन सामन्यांच्या मधल्या बोलण्यात जातो. कोणाला संघात घ्यायला हवे होते, कोणाचे पाय आता थकले, पेनल्टी कॉर्नरची जबाबदारी कोणाकडे द्यावी, या प्रश्नांवर तो मित्रांशी वाद घालतो आणि त्या वादातूनच त्याची खेळाची समज तयार होते. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या महासाथीने जगभरातील मैदाने बंद केली, तेव्हा चाहत्यांच्या हाती ही चर्चाच तेवढी उरली. भारतीय हॉकी संघांच्या बाबतीत हा थांबलेला काळ जवळजवळ एक वर्षाचा होता, आणि तो संपून संघ पुन्हा मैदानात उतरण्याची तयारी करू लागले तेव्हा चाहत्यांनी परस्परांना विचारलेले प्रश्न, त्या प्रश्नांमागची कारणे आणि पुढे मैदानावर मिळालेली उत्तरे यांचा एकत्र विचार केला, तर हॉकी हा खेळ कसा घडतो हे सामान्य वाचकालाही नीट समजू शकते.

बुलढाणा जिल्ह्याच्या नांदुरा तालुक्यात, मुंबईहून कोलकात्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर वसलेल्या वडनेर भोलजीसारख्या गावातून या विषयाकडे पाहणे उपयुक्त ठरते. कापूस आणि सोयाबीनच्या या पट्ट्यात मुलांच्या पायाखाली माती असते आणि त्या मातीवर कबड्डी, खो-खो, कुस्ती आणि क्रिकेट हे खेळ सहज रुजतात. हॉकीचे तसे नाही. आजची आंतरराष्ट्रीय हॉकी ९१.४० मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद अशा कृत्रिम मैदानावर, म्हणजे टर्फवर खेळली जाते, आणि सामन्यापूर्वी त्या मैदानावर पाणी मारावे लागते, कारण ओलाव्यामुळे चेंडू उसळ्या न घेता सरळ आणि वेगाने घरंगळतो. असे मैदान बांधणे आणि सांभाळणे ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेरचे असल्याने ग्रामीण महाराष्ट्रातील हॉकीप्रेमी हा बहुधा कानाने आणि डोळ्यांनी खेळ अनुभवणारा प्रेक्षक राहिला आहे. १९७५ साली क्वालालंपूर येथे अजितपाल सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारताने विश्वचषक जिंकला, तो मागच्या पिढीने रेडिओवर ऐकला. आजची पिढी तोच खेळ मोबाइलच्या पडद्यावर पाहते. म्हणूनच सामने बंद झाल्यावर अशा प्रेक्षकाचे खेळाशी असलेले नाते पारावरच्या, टपरीवरच्या आणि संचारबंदीच्या काळात फोनवरच्या बोलण्यावरच टिकून राहणे स्वाभाविक होते.

ऐन भरात आलेला खंड

या चर्चेत हळहळ मोठी होती, आणि तिला कारण होते. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाची प्रो लीग ही जगातील आघाडीच्या राष्ट्रीय संघांमध्ये अनेक महिने, परस्परांच्या देशांत जाऊन खेळली जाणारी स्पर्धा आहे. भारताच्या पुरुष संघाने जानेवारी २०२० मध्ये भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियमवर तिच्यात पदार्पण केले आणि पहिल्याच सामन्यात नेदरलँड्सला ५-२ असे हरवले. त्यानंतर विश्वविजेत्या बेल्जियमला २-१ असे नमवले आणि २२ फेब्रुवारीला ऑस्ट्रेलियाशी २-२ अशी बरोबरी साधून शूटआउटमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या निर्णायक फेरीत, त्यांच्यावर मात केली. संघ जागतिक क्रमवारीत चौथ्या स्थानावर पोहोचला. ऑलिम्पिक अवघ्या पाच महिन्यांवर होते, १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकनंतर हॉकीत एकही पदक न मिळालेल्या देशाला प्रथमच खरीखुरी आशा वाटू लागली होती, आणि नेमक्या त्याच वेळी सारे थांबले. २४ मार्च २०२० रोजी टोकियो ऑलिम्पिक पुढे ढकलल्याचे जाहीर झाले आणि त्याच रात्री देशभरात टाळेबंदीची घोषणा झाली.

पुरुष आणि महिला हे दोन्ही संघ त्या वेळी बेंगळुरू येथील भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात सराव शिबिरासाठी राहत होते. टाळेबंदीमुळे ते तिथेच अडकले. मैदान खिडकीतून दिसत होते, पण त्यावर उतरण्याची परवानगी नव्हती, त्यामुळे खेळाडू खोलीत व्यायाम करीत आणि जुन्या सामन्यांच्या चित्रफिती पाहून आपल्या चुका टिपून ठेवीत. महिला संघाने याच काळात कर्णधार राणी रामपाल यांच्या नेतृत्वाखाली अठरा दिवसांची तंदुरुस्तीची मोहीम समाजमाध्यमांवर चालवली आणि टाळेबंदीत हाल सोसणाऱ्या गरीब कुटुंबांसाठी सुमारे २० लाख रुपयांचा निधी जमवला. बंद दाराआडच्या संघाने बाहेरच्या समाजाशी राखलेले हे नाते चाहत्यांच्या मनात संघाविषयीचा आदर वाढवणारे होते. जूनमध्ये खेळाडूंना घरी जाण्यासाठी सुटी मिळाली आणि ऑगस्ट २०२० च्या सुरुवातीस ते पुन्हा केंद्रात परतले.

पुनरारंभ म्हणजे नेमके काय

महासाथीच्या काळातील पुनरारंभ हा पूर्वीसारखा शिट्टी वाजताच सुरू होणारा सराव नव्हता. केंद्रात आलेल्या प्रत्येक खेळाडूची विषाणूचाचणी झाली, त्यांना विलगीकरणात, म्हणजे इतरांपासून वेगळे, ठेवण्यात आले आणि चाचणीत कर्णधार मनप्रीत सिंगसह पुरुष संघातील सहा जण बाधित आढळले. सुरेंदर कुमार, जसकरण सिंग, वरुण कुमार, गोलरक्षक कृष्ण बहादूर पाठक आणि आघाडीपटू मनदीप सिंग ही इतर पाच नावे. मनदीपच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण घटल्याने त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले. ही बातमी आली तेव्हा चाहत्यांच्या बोलण्याचा सूर बदलला. संघात कोण असावे यावर वाद घालणारे आता खेळाडूंची फुप्फुसे पूर्ववत होतील का, असे विचारू लागले, आणि हा प्रश्न भावनेपोटी आलेला असला तरी खेळाच्या दृष्टीने तो अगदी नेमका होता.

हॉकीपटूच्या शरीरावर पडणारा ताण इतर मैदानी खेळांपेक्षा वेगळा असतो. सामना प्रत्येकी पंधरा मिनिटांच्या चार सत्रांत होतो, बदली खेळाडू हव्या तितक्या वेळा आत-बाहेर करता येतात, आणि त्यामुळे मैदानावरचा प्रत्येक जण काही मिनिटे पूर्ण वेगाने धावून बाहेर येतो, श्वास घेतो आणि पुन्हा आत जातो. ही धाव ताठ उभ्याने होत नाही; स्टिक जमिनीलगत ठेवायची असल्याने कंबरेत वाकून, गुडघे मुडपून पळावे लागते. कंबर, मांडीचा मागचा स्नायू आणि घोटे यांना या वाकलेल्या धावेची सवय सातत्याने ठेवावी लागते, आणि काही महिन्यांच्या खंडानंतर खेळाडूने एकदम पूर्ण जोर लावला तर स्नायू फाटण्याचा धोका असतो. म्हणून मुख्य प्रशिक्षक ग्रॅहम रीड यांच्या पुरुष संघाने आणि श्योर्ड मारीन यांच्या महिला संघाने सुरुवात हलक्या व्यायामापासून केली आणि भार टप्प्याटप्प्याने वाढवत नेला. सराव लहान गटांत होई, पाण्याच्या बाटल्या आपापल्या असत, आणि केंद्राबाहेर पाऊल टाकण्यास मनाई होती. वृत्तपत्रांनी ज्याला जैव-सुरक्षा परिघ म्हटले, तो हाच बंदिस्त दिनक्रम होय: परिघात एकदा शिरलेल्या माणसाने बाहेरच्या कोणाशी संपर्क ठेवायचा नाही आणि बाहेरच्याने चाचणी व विलगीकरण पार पाडल्याखेरीज आत यायचे नाही.

चाहत्यांचे तीन प्रश्न

या महिन्यांत हॉकीप्रेमींच्या बोलण्यात तीन प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिले. ऑलिम्पिक वर्षभर लांबणे संघाच्या फायद्याचे की तोट्याचे, हा पहिला. अनुभवी खेळाडूंचे वय वाढत होते, गोलरक्षक पी. आर. श्रीजेश १९८८ चा, तर पेनल्टी कॉर्नरवर फटका मारणारा रुपिंदरपाल सिंग १९९० चा. दुसऱ्या बाजूला विवेक सागर प्रसाद, हार्दिक सिंग, शमशेर सिंग यांसारख्या तरुणांना पक्व होण्यासाठी वर्षभराचा अवधी मिळणार होता. पुढे जून २०२१ मध्ये जाहीर झालेल्या सोळा जणांच्या संघात दहा जण प्रथमच ऑलिम्पिक खेळणारे होते आणि एस. व्ही. सुनील, आकाशदीप सिंग यांसारखी परिचित नावे वगळली गेली होती. लांबलेल्या वर्षाने काहींची संधी हिरावली आणि काहींना ती दिली, एवढेच या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर आहे.

दुसरा प्रश्न असा होता की, सामनेच नसतील तर नुसत्या सरावाचा उपयोग किती. या प्रश्नाचे उत्तर २८ फेब्रुवारी २०२१ रोजी जर्मनीतील क्रेफेल्ड येथे मिळाले. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या फेब्रुवारी २०२० मधील त्या सामन्यानंतर एक वर्ष आणि सहा दिवसांनी भारताचा पुरुष संघ आंतरराष्ट्रीय सामना खेळत होता, मनप्रीतच्या अनुपस्थितीत श्रीजेश नेतृत्व करीत होता, आणि जर्मनीसारख्या बलाढ्य संघाला भारताने ६-१ असे हरवले. त्या दौऱ्यात जर्मनी आणि ग्रेट ब्रिटन यांच्याशी झालेल्या चारही सामन्यांत भारत अपराजित राहिला. एप्रिलमध्ये ब्युनोस आयर्स येथे रिओ ऑलिम्पिकच्या विजेत्या अर्जेंटिनाला प्रो लीगच्या एका सामन्यात शूटआउटमध्ये, तर दुसऱ्यात ३-० असे नमवले.

हे विजय विदर्भातील प्रेक्षकाने ज्या परिस्थितीत पाहिले, ती विसरता येण्यासारखी नाही. फेब्रुवारी २०२१ च्या उत्तरार्धात राज्यातील कोरोनाच्या दुसऱ्या लाटेची चाहूल अमरावती विभागातच प्रथम लागली. अमरावती आणि अचलपूर येथे टाळेबंदी जाहीर झाली आणि अकोला, बुलढाणा, वाशीम व यवतमाळ जिल्ह्यांत निर्बंध आले. क्रेफेल्डमधील निकालाची बातमी बुलढाणा जिल्ह्यात पोहोचली, ती बाजारपेठांवर आणि गर्दीवर पुन्हा बंधने आलेल्या दिवसांत. एप्रिलमध्ये संपूर्ण राज्यात कडक निर्बंध लागू झाले, आणि खाटा व प्राणवायू यांच्या शोधात असलेल्या घरांमध्ये हॉकीची गोष्ट काढणेही अवघड झाले. याच लाटेमुळे भारतीय प्रवाशांवर इतर देशांनी निर्बंध घातले, मे महिन्यात ग्रेट ब्रिटन, स्पेन आणि जर्मनी यांच्याविरुद्ध ठरलेले प्रो लीगचे सामने होऊ शकले नाहीत, आणि संघ पुन्हा बेंगळुरूच्या बंदिस्त सरावाकडे वळला.

तिसरा प्रश्न प्रेक्षकांविषयी होता: रिकाम्या स्टेडियममध्ये खेळताना संघाला बळ कोठून मिळणार? भुवनेश्वरच्या गर्जणाऱ्या प्रेक्षकांसमोर खेळणाऱ्या संघासाठी हा प्रश्न महत्त्वाचा होता. तरीही शांत मैदानाचा एक लाभ असतो, कारण गोलरक्षकाची हाक बचावफळीपर्यंत स्पष्ट पोहोचते. हॉकीत गोलरक्षक हा संपूर्ण मैदान समोर दिसणारा एकमेव खेळाडू असतो आणि श्रीजेश सामनाभर मोठ्याने सूचना देत राहण्यासाठी प्रसिद्ध होता.

महिला संघाची कठीण वाट

महिला संघाचा पुनरारंभ अधिक खडतर होता. जानेवारी २०२१ मध्ये अर्जेंटिनाचा दौरा करून हा संघ जवळजवळ वर्षभरानंतर आंतरराष्ट्रीय हॉकीत परतला, पण त्यानंतरच्या जर्मनी दौऱ्यात त्याने चारही सामने गमावले. एप्रिलमध्ये घरून शिबिरात परतताना राणी रामपाल आणि गोलरक्षक सविता यांच्यासह सात खेळाडू बाधित आढळल्या. मे महिन्याच्या अखेरीस आघाडीपटू वंदना कटारिया हिच्या वडिलांचे निधन झाले, आणि ऑलिम्पिकची तयारी करीत परिघात असलेल्या वंदनाला हरिद्वारजवळच्या आपल्या गावी अंत्यदर्शनाला जाता आले नाही. जैव-सुरक्षा परिघ या कोरड्या शब्दामागे खेळाडूने काय सोसले, हे या एका घटनेवरून कळते.

निकाल पाहून बोलणाऱ्यांनी या संघाची आशा सोडली होती, आणि टोकियोत पहिले तीन सामने गमावल्यावर त्यांचे म्हणणे खरे ठरल्यासारखे वाटले. त्यानंतर आयर्लंडवर १-० आणि दक्षिण आफ्रिकेवर ४-३ असे विजय मिळाले, त्यातील दुसऱ्या सामन्यात वंदनाने तीन गोल केले. २ ऑगस्टला गुरजित कौरच्या एकमेव गोलवर संघाने ऑस्ट्रेलियाला हरवून प्रथमच ऑलिम्पिकची उपांत्य फेरी गाठली आणि कांस्यपदकाच्या लढतीत ग्रेट ब्रिटनकडून ३-४ अशा निसटत्या फरकाने हरून चौथे स्थान मिळवले. जर्मनीतील चार पराभव ही या संघाच्या तयारीची किंमत होती, हे ऑगस्टमध्ये सर्वांच्या लक्षात आले.

सहा सेकंद आणि दोन राखीव खेळाडू

५ ऑगस्ट २०२१ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी सात वाजता पुरुष संघ जर्मनीविरुद्ध कांस्यपदकासाठी उतरला. ऑस्ट्रेलियाकडून साखळीत १-७ असा दारुण पराभव पत्करलेला आणि उपांत्य फेरीत बेल्जियमकडून २-५ असा हरलेला हा संघ दुसऱ्या सत्रात १-३ असा मागे पडला. मग हार्दिक सिंग, हरमनप्रीत सिंग, रुपिंदरपाल सिंग आणि सिमरनजित सिंग यांनी सलग गोल करून भारताला ५-३ अशी आघाडी मिळवून दिली. जर्मनीने एक गोल फेडला आणि अखेरचे सहा-सात सेकंद उरले असताना पेनल्टी कॉर्नर मिळवला.

पेनल्टी कॉर्नर हा हॉकीतील सर्वांत धोक्याचा क्षण असतो. आक्रमक संघाचा एक खेळाडू मैदानाच्या मागच्या रेषेवरून चेंडू आत ढकलतो, दुसरा तो गोलसमोरच्या अर्धवर्तुळाबाहेर थोपवतो आणि तिसरा स्टिकवर ओढत नेऊन तो प्रचंड वेगाने गोलकडे फेकतो, ज्याला ड्रॅगफ्लिक म्हणतात. गोलरक्षकासह अवघे पाच बचावपटू गोलरेषेमागे उभे असतात आणि बाकीच्यांना मध्यरेषेपलीकडे थांबावे लागते. चेंडू सुटताच एक बचावपटू थेट फटका मारणाऱ्याच्या अंगावर धावून जातो. भारतासाठी हे जोखमीचे काम अमित रोहिदास करीत असे. ही धाव, तिचा कोन आणि तिच्यामागे उरलेल्या मोकळ्या जागेची राखण या गोष्टी रोज घोटून घ्याव्या लागतात, आणि बेंगळुरूतील बंदिस्त महिन्यांत नेमके हेच काम करायला संघाला वेळ होता. जर्मनीचा तो शेवटचा प्रयत्न श्रीजेशने अडवला, भारत ५-४ असा जिंकला आणि ४१ वर्षांनी हॉकीत ऑलिम्पिक पदक आले.

या सामन्यात दोन गोल करणारा सिमरनजित सिंग मूळ सोळा जणांच्या संघात नव्हता, ही गोष्ट पुनरारंभाच्या चर्चेच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. ऑलिम्पिक हॉकीत संघ सोळांचा असतो आणि राखीव खेळाडूला एरवी कोणी जखमी झाल्याखेरीज संधी मिळत नाही. महासाथीमुळे टोकियोपुरता हा नियम सैल करण्यात आला आणि प्रत्येक सामन्यासाठी अठरांतून सोळा जण निवडण्याची मुभा मिळाली. भारताच्या पुरुष संघात त्यामुळे वरुण कुमार आणि सिमरनजित यांचा समावेश झाला. ज्या साथीने संघाचे वर्ष खाल्ले, तिच्याच नियमामुळे संघाला हा गोल करणारा मिळाला. अर्थात नियम केवळ दार उघडतो. निवड न झाल्यानंतरही सिमरनजितने सरावात कसूर केली नव्हती, म्हणून त्या दाराचा उपयोग झाला.

महाराष्ट्राच्या वाट्याला काय आले

टोकियोतील भारताच्या दोन्ही संघांत महाराष्ट्राचा एकही खेळाडू नव्हता. पुण्याच्या खडकीत घडलेले धनराज पिल्ले १९९२ ते २००४ या काळात चार ऑलिम्पिक खेळले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. मुंबईचा देविंदर वाल्मीकी २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये होता. ही परंपरा पुढे नेणारे मैदान राज्यात आहे. डिसेंबर २०२१ मध्ये वरिष्ठ पुरुषांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा पिंपरीतील नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियमवर झाली आणि उत्तर प्रदेशने ती जिंकली. राष्ट्रीय स्पर्धांत विदर्भाचा स्वतंत्र संघही उतरत असे, ही बाब मात्र विदर्भातल्याच अनेक हॉकीप्रेमींच्या बोलण्यात क्वचित येते, आणि टोकियोची खडान्‌खडा माहिती असलेल्या चाहत्याला आपल्या प्रदेशाच्या संघाचा गोलरक्षक कोण हे ठाऊक नसे.

महासाथीच्या वर्षाने हॉकीप्रेमींना एक मोलाची सवय लावली होती. सामना नसल्यामुळे त्यांनी तयारीविषयी बोलायला सुरुवात केली, खेळाडूचे शरीर, त्याची विश्रांती, संघाबाहेर राहिलेल्याचे मन यांचा विचार केला, आणि पदक आले तेव्हा ते कोठून आले हे त्यांना इतरांपेक्षा अधिक चांगले कळले. ही सवय आता जवळच्या मैदानाकडे वळवण्याची गरज आहे. ऑलिम्पिकमधील हॉकी १९७६ च्या माँट्रियलच्या आधीपर्यंत गवतावरच खेळली जात होती आणि भारताच्या आठ सुवर्णपदकांपैकी सात त्या गवतावरची आहेत. म्हणजे चेंडू थोपवणे, वाकून धावणे आणि पास देणे या मूळ गोष्टी शिकण्यासाठी महागडे टर्फ आधी लागत नाही. वडनेर भोलजीसारख्या गावातील शाळेच्या सपाट मैदानावर डझनभर स्टिक, काही चेंडू आणि शिकवणारा एक तळमळीचा शिक्षक एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. सामने बंद असताना ज्यांनी हॉकीची चर्चा जिवंत ठेवली, त्या चाहत्यांनी आता आपल्या गावच्या शाळेत जाऊन या डझनभर स्टिकची मागणी करावी, आणि जमेल तर त्यांतली पहिली स्वतः विकत घेऊन द्यावी.